सिस्टर की मॅडम?

सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील नर्सिंग महाविद्यालयांचे संस्थाचालक, विश्वस्त आणि प्राचार्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात दुसऱ्या वर्षाच्या मुलींना घेऊन मेल सर्जिकलमध्ये उभी होते. लांबच्या कॉटवरून एका पेशंटच्या मुलानं हाक मारली, "ओ सिस्टर, सलाईन थांबलंय, जरा बघा की." मी वळले. माझ्या शेजारची मुलगी त्याला म्हणाली, "त्या सिस्टर नाहीत, मॅडम आहेत." बिचारीला वाटलं, ती माझा मान राखतेय.

मी जाऊन सलाईन बघितलं. नळी त्याच्या वडिलांच्या कोपराखाली दबली होती, बाकी काही नव्हतं. पण ते वाक्य घरापर्यंत माझ्याबरोबर आलं. मिरजेत ९ वर्षं मी वॉर्डात काढली, आता १७ वर्षं शिकवतेय. या १७ वर्षांत मी सिस्टर असण्याचं नेमकं कधी थांबले, हे मला कुणी सांगितलं नाही. तुम्हीही नाही. पण तुमच्या नेमणुकीच्या पत्रात, टाइमटेबलात आणि हजेरीच्या मस्टरमध्ये ते ठरून गेलेलं आहे. त्याबद्दल हे पत्र.

तुम्ही ट्यूटर कशी नेमता ते तुम्हाला माहीत आहे. बीएस्सी, पाठीशी वर्षभराचा अनुभव, मग एमएस्सी. एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला नर्सिंग एज्युकेशन हा विषय असतो, १५० तास थिअरी आणि १५० तास प्रॅक्टिकल. लेसन प्लॅन लिहायचे, चार्ट रंगवायचे, वर्गातल्याच मैत्रिणींना विद्यार्थी समजून मायक्रोटीचिंग करायचं. पास झाली की ती शिक्षिका. सोमवारी रुजू, मंगळवारी ४० मुलींसमोर उभी. नवी स्टाफ नर्स आली तर तिला निदान काही दिवस जुन्या सिस्टरबरोबर डबल ड्यूटी लावतात, एकटीवर आयसीयू सोडत नाहीत. ट्यूटरला मात्र पहिल्या दिवसापासून एकटी सोडतात. चुकली तर अलार्म वाजत नाही ना.

माझा पहिला तास शॉक, म्हणजे बीपी कोसळून पेशंट गार पडतो ती अवस्था, या विषयावर होता. दोन रात्री जागून तयारी केली होती. पाऊण तासाचं लेक्चर १४ मिनिटांत संपलं. उरलेला अर्धा तास मी फळ्यावर बीपीचे आकडे लिहीत आणि पुसत राहिले. सर्जरीत मी शॉकचे किती पेशंट सांभाळले असतील! पेशंटच्या कपाळावरचा गार, चिकट घाम बघून मी मॉनिटरच्या आधी सांगायचे. पण ते मला कसं कळतं, हे मला माहीत नव्हतं. जे हाताला येतं ते जिभेवर आणणं हे अगदी निराळं काम आहे आणि त्यात मी त्या दिवशी पहिलीतली पोर होते.

पॅट्रिशिया बेनर या अमेरिकन परिचारिकेनं १९८४ साली नर्स कशी घडते याचे पाच टप्पे मांडले, नवशिकीपासून निष्णात होईपर्यंतचे. आपण सगळेच ते शिकवतो, परीक्षेत विचारतो. त्यातलं एक वाक्य मात्र आपण घाईत ओलांडतो: निष्णात नर्ससुद्धा अनोळखी क्षेत्रात गेली की पुन्हा नवशिकी होते. ट्यूटर झालेली प्रत्येक सिस्टर या घसरगुंडीवरून येते. काल जिला ज्युनियर डॉक्टर विचारून औषध लिहायचा, ती आज पहिल्या वर्षाच्या मुलीच्या प्रश्नाला "उद्या सांगते" म्हणते. ही लाज बोलून दाखवायची सोय नसते. मग काहीजणी ती आवाज चढवून झाकतात.

मीही झाकली. आम्हाला एक ट्यूटर होत्या, लॉकरवरून बोट फिरवून धूळ बघायच्या आणि चादरीचा कोपरा नीट दुमडलेला नसला की अख्खा बेड उपसायच्या. त्यांच्या पावलांचा आवाज आला तरी पोटात गोळा यायचा. शिकवायला लागून वर्ष झालं नसेल, एका मुलीचा बेड उपसताना माझ्या तोंडून त्यांचंच वाक्य बाहेर पडलं: "घरी आईनं एवढंसुद्धा शिकवलं नाही का?" शब्द तेच, सूरही तोच. ती मुलगी रडली नाही, नुसती गप्प झाली. तिची आई नव्हती, हे मला दोन दिवसांनी वॉर्डनकडून कळलं.

शिकवायचं कसं हे कुणी दाखवलं नाही की माणूस आपल्याला जसं शिकवलं गेलं तसंच शिकवतो. त्या ट्यूटरचं सगळंच टाकाऊ होतं असं नाही. चादरीच्या सुरकुतीनं बेडसोअरची सुरुवात होते हे त्यांनीच आमच्या अंगात मुरवलं. पण कोणतं ठेवायचं आणि कोणतं त्यांच्याबरोबर जाऊ द्यायचं, हे निवडायला मला सहा-सात वर्षं लागली. शेजारी कुणी बसून विचारलं असतं, "आज वर्गात काय झालं?" तर वर्षभरात झालं असतं.

आता वॉर्डातल्या पहिल्या दिवसाचं सांगते, कारण माझं म्हणणं तिथंच आहे.

ट्यूटर म्हणून पहिल्यांदा गेले तो वॉर्ड माझ्या ओळखीचा होता. इन्चार्ज सिस्टर माझ्याबरोबर नाइट केलेली, एका डब्यात जेवलेली. मला बघून म्हणाली, "मॅडम, तुमच्या पोरी जरा बाजूला घ्या, राउंड येतोय." आतापर्यंत "अगं" म्हणत होती. त्या एका "मॅडम"नं मी त्या वॉर्डात पाहुणी झाले. बीपीचं मशीन मागायला गेले तर "सही करून न्या" म्हणाली. तिचंही चुकत नव्हतं, माझ्या बारा मुली तिच्या कामात आडव्या येत होत्या.

राउंड पुढं गेला. चौथ्या कॉटवर एक आजोबा होते. त्यांची आयव्ही, म्हणजे शिरेतली सलाईनची नळी, आउट झालेली मला लांबूनच दिसली. पंजा फुगलेला, कातडी ताणून चकचकीत. माझे पाय माझ्याआधी तिथं पोचले. सलाईन थांबवायचा रोलर क्लॅम्प मी बंद केला, त्यात शिकवायचं काही नव्हतं. पुढं सवयीनं हात चिकटपट्टीकडे गेला. आणि तिथं मी थांबले. मागं बारा मुली उभ्या होत्या. मी कॅन्युला काढली असती तर त्यांनी मॅडमना कॅन्युला काढताना बघितलं असतं, एवढंच.

मी हात पाठीमागं बांधले. एकीला म्हटलं, "दोन्ही हातांना हात लावून बघ. काय फरक वाटतो?" तिनं बघितलं. "हा गार आहे मॅडम. आणि कडक." "लाल आहे?" "नाही." "शिरेवरून दोरीसारखं काही लागतंय?" "नाही." दुसरी मागून म्हणाली, "मग फ्लेबायटिस नाही, शीर सुजलेली नाही. सलाईन बाहेर चाललंय." आजोबा आमच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघत होते. म्हणाले, "काय ठरलं मग पोरींनो?"

इन्चार्जला सांगून मुलीनंच कॅन्युला काढली, मी शेजारी उभी राहून. हात वर उशीवर ठेवायला ती विसरली. मी तिच्याकडं बघितलं, काही बोलले नाही. तिला आठवलं.

नर्सचा हात विचारायला थांबत नाही आणि तो तसा व्हावा म्हणून तर वर्षानुवर्षं राबवलेला असतो. शिकवणारीला तोच हात आवरून धरावा लागतो आणि नेमका कधी सोडायचा तेही कळावं लागतं. मुलगी शीर शोधतेय, पेशंटच्या कपाळाला आठी पडतेय, किती थांबू? माझा नियम दोन वेळा टोचण्याचा आहे, तिसऱ्यांदा सुई माझ्या हातात. पण कधी पहिल्याच वेळी घ्यावी लागते, कारण पेशंट भित्रा असतो किंवा मुलगी थरथरत असते. हा अंदाज लेसन प्लॅनमध्ये येत नाही. ज्या बाईचा स्वतःचा हात वर्षानुवर्षं वॉर्डाबाहेर आहे तिला तर तो करताच येत नाही. ती एक तर फार लवकर सुई हिसकावते किंवा सुईला हातच लावत नाही, कारण आपल्यालाही मिळणार नाही ही भीती. मुलींना हे बरोबर कळतं. कुठल्या मॅडमना पेशंटला हात लावता येतो आणि कुठल्या फक्त प्रोसिजर बुकवर सह्या करतात, याची यादी प्रत्येक हॉस्टेलमध्ये तोंडपाठ असते.

मिरजेत सितारमेकर गल्लीतून जाता-येता मी बघते. तंबोऱ्याची जवारी काढताना, म्हणजे त्याचा नाद खुलवताना, कारागीर घोडीवर कानस फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा केसभर घासतो. शेजारी बसलेला पोरगा महिनोन् महिने नुसता ऐकत असतो. त्याला शिकवणाऱ्या उस्तादाला कुणी म्हणत नाही की आता तुम्ही शिकवता, तेव्हा कानस खाली ठेवा. आम्हाला म्हणतात.

पूर्वी असं नव्हतं. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशन हॉस्पिटल उघडलं, त्या काळात नर्सिंगचं शिक्षण म्हणजे वॉर्डच. सिस्टर ड्यूटी करायची आणि मुली तिच्या मागं फिरायच्या. त्या पद्धतीचे मी गोडवे गाणार नाही. शिकाऊ मुली म्हणजे फुकटचे हात, असाच हिशेब होता. १९४६ साली दिल्ली आणि वेल्लोरला नर्सिंगची पदवी सुरू झाली, पुढं पदव्युत्तर शिक्षण आलं, आपल्याकडं नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाखाली कॉलेजं आली, हे आमच्या भल्याचंच झालं. माझी आई मला नर्सिंगला पाठवताना रडली होती. आज मुली "बीएस्सी करतेय" असं मान वर करून सांगतात.

पण पदवी आली तसं कॉलेज वॉर्डापासून उठून वेगळ्या इमारतीत गेलं. आता तर कित्येक ठिकाणी कॉलेज हायवेला आणि पोस्टिंग दुसऱ्याच गावातल्या हॉस्पिटलात. मुली बसनं जातात, ट्यूटर बसमध्ये हजेरी घेते. त्या हॉस्पिटलात तिचं नाव कुठल्याही ड्यूटी चार्टवर नसतं, तिला औषधाच्या कपाटाची किल्ली नसते, राउंडला तिला कुणी काही विचारत नाही. सरकारी दप्तरात आमच्या पदाला पाठ्यनिर्देशिका म्हणतात. वेतनचिठ्ठीबाहेर हा शब्द मी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही, आणि आता पुरुष ट्यूटरही आहेत, त्यांचं काय करायचं ते त्या शब्दालाच ठाऊक. पण पाठ दाखवून देणारी, एवढाच त्याचा अर्थ असेल तर आमची आजची अवस्था त्यात चपखल बसते.

१२ मे आला की परिचारिका दिन. वॉर्डातल्या सिस्टरना गुलाब मिळतो, आम्ही कार्यक्रमाचं सूत्रसंचालन करतो. ५ सप्टेंबरला शिक्षक दिन, तेव्हा गावात सत्कार शाळा-कॉलेजांतल्या शिक्षकांचे होतात, आम्ही "हॉस्पिटलवाल्या". सातारा जिल्ह्यातल्या नायगावला जन्मलेल्या सावित्रीबाईंनी आयुष्यभर शिकवलं आणि १८९७ च्या प्लेगात आजारी मुलाला पाठीवरून दवाखान्यात नेताना त्यांनाच प्लेग झाला. त्यांना आधी शिक्षिका म्हणायचं की आधी सेविका, असा प्रश्न कुणाला पडत नाही. खरं तर ३ जानेवारी, त्यांची जयंती, आमचा दिवस आहे. पण माझ्या पाहण्यात तो अजून कुठल्या नर्सिंग कॉलेजनं आपला म्हणून साजरा केलेला नाही. असो.

एका मुलीबद्दल सांगायचंय. जत तालुक्यातली, बारावीपर्यंत मराठी माध्यम. हँडओव्हर, म्हणजे ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती, इंग्रजीत द्यायचं म्हटलं की तिचा घसा सुकायचा. मी त्या वेळी एका खाजगी हॉस्पिटलात आठवड्यातून एक दिवस सकाळची ड्यूटी मागून घेतली होती, विनापगार. तिथल्या एका आजीची मी स्वतः दोन आठवडे काळजी घेतलेली. मुलींची पोस्टिंग लागली तेव्हा त्या आजी हिच्याकडं आल्या. सकाळी ही हँडओव्हर द्यायला उभी राहिली, दोन वाक्यं इंग्रजीत बोलली आणि अडली. मग एकदम मराठीत म्हणाली, "मॅडम, आजी काल माझ्याशी भांडत हुत्या चहासाठी. आज चहा दिला तरी नुसत्या बघत्यात."

चार्टवर सगळं ठीक होतं. ताप नाही, बीपी नाही, शुगर नाही. पण मी त्या आजींना ओळखत होते. त्या चहा सोडणाऱ्या नव्हत्या. डॉक्टरना फोन केला, रक्त पाठवलं, सोडियम खूप खाली गेलेलं निघालं. पुढचं सगळं डॉक्टरांनी केलं. मी एवढंच केलं की त्या मुलीला सगळ्यांसमोर म्हटलं, "हे वाक्य वहीत लिही, जसंच्या तसं. मग त्याच्याखाली इंग्रजीत काय म्हणतात ते लिहू." लेव्हल ऑफ कॉन्शसनेस, म्हणजे पेशंट किती शुद्धीवर आहे, हे शब्द तिला त्या दिवशी पाठ झाले ते कायमचे. मी त्या वॉर्डात पाहुणी असते तर मला ते वाक्य अशुद्ध मराठी वाटलं असतं आणि मी म्हटलं असतं, "इंग्लिश प्लीज."

आता ज्या दिवशी मी विनापगार वॉर्डात जात होते त्या दिवसाचं काय झालं ते सांगते. ज्या संस्थेत होते तिचं नाव घेत नाही. सहा महिन्यांनी मला बोलावून विचारलं, "मॅडम, पगार आम्ही शिकवायचा देतो की ड्यूटी करायचा?" त्याऐवजी नर्सिंग कौन्सिलच्या तपासणीच्या फायली पुऱ्या करा म्हणाले. मे महिन्यात आम्हा ट्यूटरना गावोगाव पाठवलं, ॲडमिशन आणायला. प्रत्येकीला आकडा दिलेला. मी खानापूर तालुक्यात एका अंगणात बसून एका शेतकऱ्याला त्याच्या मुलीच्या फीचे हप्ते समजावून सांगत होते, तेव्हा त्यानं विचारलं, "बाई, तुम्ही काय करता कॉलेजात?" मला पटकन उत्तर सुचलं नाही. माझ्या बॅचची सरकारी अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्स, तेव्हा माझ्या जवळजवळ दुप्पट पगार घेत होती. त्याच वर्षी मी ती नोकरी सोडली.

हे तुम्हा सगळ्यांकडं असंच चालतं असं मी म्हणत नाही. ट्यूटरला वॉर्डात मान देणारी ठिकाणंही मी बघितली आहेत आणि तिथल्या मुलींच्या हातात तो फरक दिसतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा एका शाळेतल्या छावणीत आम्ही मुलींसह चार दिवस होतो. बीपी, शुगर, घरात बुडालेल्या गोळ्यांच्या नव्या चिठ्ठ्या. इन्सुलिन ठेवायला फ्रिज नव्हता, लाइटच नव्हती. माणदेशातली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, ओल्या मातीच्या माठात ठेवूया, आमच्या आजीचं तसंच ठेवतो." ठेवलं. त्या चार दिवसांत कोण सिस्टर, कोण मॅडम आणि कोण विद्यार्थी, हे बघायला कुणाला सवड नव्हती.

मागणं मोठं नाही. प्रत्येक ट्यूटरला आठवड्यातला एक दिवस एका ठरलेल्या वॉर्डात द्या. फिरता नको, तोच वॉर्ड, वर्षभर. ड्यूटी चार्टवर तिचं नाव असू दे, तिच्या वाट्याला दोन-तीन पेशंट असू देत आणि तो दिवस तिच्या कामाच्या तासांत धरा. स्वतःचं हॉस्पिटल नसेल तर ज्या हॉस्पिटलशी तुमचा करार आहे, त्या करारात एक ओळ वाढवा. मुलींच्या पोस्टिंगचे पैसे भरताच की.

आणि नव्या ट्यूटरला पहिलं वर्ष एकटी सोडू नका. एक जुनी ट्यूटर तिच्या तासाला मागच्या बाकावर बसेल, आणि नवीही जुनीच्या तासाला बसेल. आठवड्यातून एकदा दोघी चहाला बसतील आणि काय फसलं ते बोलतील. ते बोलणं तिच्या गोपनीय अहवालात जाता कामा नये, नाहीतर कुणी खरं बोलणार नाही. तिसरं, वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरना मुलींच्या प्रॅक्टिकलच्या मूल्यमापनात बसवा, मानधन देऊन. आपल्या पोरी म्हटल्या की मग बीपीचं मशीन सहीशिवाय मिळतं.

तुम्ही म्हणाल, माणसं कुठून आणायची? दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण कागदावर तुम्हीच दाखवलेलं आहे. ते जमिनीवर असेल तर एक दिवस निघतो, मी टाइमटेबल मांडून बघितलंय. नसेल तर तो प्रश्न माझ्या मागणीनं उभा केलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ साली नर्सिंग शिक्षकांच्या क्षमतांची आठ क्षेत्रं ठरवली, त्यातलं एक सरळ सरळ प्रत्यक्ष नर्सिंगचं आहे. नर्सिंग कौन्सिलच्या १९४७ च्या जुन्या कायद्याची जागा घ्यायला संसदेनं २०२३ साली राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा मंजूर केला. त्याचे नियम आपल्या गावापर्यंत पोचायची वाट बघत बसायचं काही कारण नाही. वॉर्ड आपल्याच गावात आहे.

माझी एक जुनी विद्यार्थिनी येत्या एक तारखेला ट्यूटर म्हणून रुजू होतेय. आयसीयूत पाच वर्षं काढून येतेय, हात सोन्यासारखा आहे. काल तिचा फोन आला, "मॅडम, पहिल्या दिवशी साडी नेसू का युनिफॉर्म घालू?" मी तिला सकाळी साडेसातला वॉर्डाच्या दारात बोलावलंय, युनिफॉर्ममध्ये, नाइटचं हँडओव्हर घ्यायला. तिच्या आणि माझ्या नावाचा अर्ज आमच्या प्राचार्यांच्या टेबलावर ठेवलाय. सही व्हायची आहे.

आपली,
एक पाठ्यनिर्देशिका
मिरज